शालीखालचं पीठ

आमच्या शेजारच्या आर्वोकाकांना कुणाची गंमत सांगायला जावं, तर ते ती पुरी होऊच देत नसत. "आमच्या ऑफिसात एक बाई आहे, ती काय करते माहितेय का?" इथवर मी आले, की कॉफीचा मग खाली ठेवून ते विचारायचे, "तिला माहीत आहे का, तू हे मला सांगतेयस ते?"

झालं. गप्पांचा पार विचका. पुढे सांगायचं तरी काय आणि कुठल्या तोंडानं?

मला तर बोलल्याशिवाय राहवत नाही. मी मूळची साताऱ्याकडची. आमच्या घरात जेवताना लोणचं नसलं तरी चालायचं, पण गावातल्या कुणाची तरी नक्कल तोंडी लावायला हवीच. लग्न झालं ते पुण्याच्या मिलिंदशी. कॉलेजात एकांकिकांमधून बक्षिसं मिळवलेला हा माणूस नकलेत माझ्याही वरताण. इकडे अमेरिकेत नोव्हायला गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे एकसारख्या घरांच्या कॉलनीत घर घेतलं, तेव्हा शेजारी मिळाले हे ऐंशीच्या घरातले, काठीसारखे सरळ, फिनिश वंशाचे आर्वोकाका. शाळेत सुतारकाम शिकवून रिटायर झालेले. बायको गेलेली, मुलगी वर उत्तरेला, तांब्याच्या जुन्या खाणींच्या मुलखात. काकांचं बालपणही तिकडचंच.

ओळख झाली ती वेलदोड्यामुळे. घरात सामान लावत होतो आणि खिडकीतून वेलदोड्याचा असा घमघमाट आला, की मला वाटलं शेजारी कुणीतरी आपलंच आहे, श्रीखंड चाललंय. मी लगेच केस सारखे करून बेल वाजवली. दार उघडलं ते पिठानं माखलेल्या हातांच्या एका गोऱ्या म्हाताऱ्यानं. त्यांच्याकडे कॉफीबरोबर खायचा एक गोडसर पाव करतात, वेण्यांसारखा वळलेला, त्यात वेलदोडा लागतो. तोही खलबत्त्यात जाडसर कुटलेला. मी दुसऱ्या दिवशी इंडियन स्टोअरमधून हिरवेगार वेलदोडे नेऊन दिले. त्यांनी एक फोडून हुंगला आणि म्हणाले, "नॉट बॅड." मला जरा रागच आला. पुढे कळलं, की याच्या वरचा शब्द त्यांच्याकडे नाहीच. आमची मुलगी इरा झाली आणि त्यांनी तिला पहिल्यांदा हातात घेतलं, तेव्हाही ते हेच म्हणाले होते.

आमच्या घरी न सांगता बूट काढून आत येणारा मी पाहिलेला हा पहिला अमेरिकन. थंडीत आम्ही उठायच्या आत आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ साफ झालेला असायचा. मिलिंद थँक्स म्हणायला गेला, की म्हणायचे, "मशीन सुरूच होतं." कुठेही गेले तरी शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची पकडायचे. फोटोत यायचे नाहीत. इराच्या वाढदिवसांचे किती फोटो आहेत आमच्याकडे, एकातही काका नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्याच हातात. इरा त्यांना आर्वोआजोबा म्हणायची आणि बाकी सगळं इंग्लिशमध्ये बोलायची. ते तिला लाकडाचे तुकडे घासायला द्यायचे.

एका उन्हाळ्यात माझी आई सहा महिने येऊन राहिली. तिला इंग्लिश येत नाही, यांना मराठीचं अक्षर ठाऊक नाही. पण दुपारी मी ऑफिसमधून आले, की दोघं आमच्या डेकवर बसलेली. आई खलबत्त्यात वेलदोडे कुटतेय, काका सालं वेचतायत. तासन् तास एक शब्द नाही. मी आईला म्हटलं, "अगं, कंटाळा नाही येत का?" तर म्हणाली, "लय शाना मानूस हाय ह्यो. त्वांड बंद ठिवतूय." काकांनी विचारलं, आई काय म्हणाली. मी भाषांतर करून सांगितलं. ते पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. आणि आईला माहीत होतं मी सांगतेय ते, त्यामुळे प्रश्नही आला नाही.

हे असंच चालू राहिलं असतं. पण एका शनिवारी आमच्या दारात एक उंच, पिंगट केसांची मुलगी येऊन उभी राहिली. फिनलंडहून संशोधनासाठी आलेली विद्यार्थिनी. शेजारची बेल वाजवून थकली होती. गाडी तर दारात होती, म्हणजे काका घरात होतेच. मी तिला आत बोलावलं, चहा दिला. तिच्या बोलण्यातून कळलं ते ऐकून मी उडालेच. एकोणिसाव्या शतकात त्यांच्याकडे एक लेखक होऊन गेला. त्या काळी तिथली शिकलेली मंडळी स्वीडिशमध्ये लिहायची, फिनिश ही गड्यामाणसांची भाषा. यानं मात्र हट्टानं त्याच भाषेत लिहिलं, शेतातल्या, स्वयंपाकघरातल्या माणसांवर लिहिलं. त्याच्या गावच्या चौकात त्याचा पुतळा आहे. त्याच्या गोष्टी शाळेत शिकवतात. "आणि तुमच्या शेजाऱ्यांचं घराणं त्याच्या घराशी जोडलेलं आहे," ती म्हणाली. "पण त्यांना त्यावर बोलायला आवडत नाही. माझ्या ईमेललाही उत्तर नाही." तिला आणखी काही सांगायचं होतं असं आता वाटतं. तेव्हा मी तिला दुसरा कप देण्याच्या गडबडीत होते.

ती गेल्यावर दोन तासांनी काका तळघरातल्या सौनातून, त्यांच्या त्या वाफ घ्यायच्या खोलीतून, लालबुंद होऊन बाहेर आले. विचारलं, "गेली?"

मी मिलिंदला सांगितलं आणि त्याच्या डोळ्यांत दिवेच लागले. "अगं, एवढ्या मोठ्या लेखकाचा वंशज आपल्या शेजारी राहतो, आपला बर्फ काढतो, आणि एका शब्दानं बोलत नाही? याला म्हणतात प्रसिद्धीपराङ्मुख माणूस." आपल्याकडे ही एक खोड आहेच. गप्प बसलेला माणूस दिसला, की तो नम्रच असणार. त्याला बोलायची लाज वाटत असेल, हे आपल्या डोक्यातच येत नाही.

मिलिंद तेव्हा इथल्या मराठी मंडळाचा कार्यवाह होता. मराठी भाषा दिनाचा कार्यक्रम तोंडावर आलेला आणि पाहुणा मिळत नव्हता. आपल्या लोकांच्या भाषेत लिहिणारा लेखक, त्याचा वारस शेजारी. याहून चांगलं काय हवं? कमिटीनं एकमतानं ठरवलं, शाल, श्रीफळ देऊन सत्कार करायचा. काकांना मात्र सांगायचं नाही, सरप्राइज. त्यांना एवढंच सांगितलं, की इरा मराठीत काहीतरी म्हणणार आहे. तेवढ्यावर ते इस्त्रीचा शर्ट घालून आले.

शाळेचा कॅफेटेरिया भाड्यानं घेतला होता. बाहेर बर्फाचे ढीग, आत मसालेभाताचा वास. काका सवयीनं मागे चालले होते, त्यांना धरून आणून पहिल्या रांगेत बसवलं. शेजारी मी, कानात भाषांतर करायला. इराचं झालं. काका म्हणाले, "नॉट बॅड." मग त्यांचं नाव पुकारलं गेलं. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, कुंकू लागलं. काका एकदा माझ्याकडे बघत होते, एकदा दाराकडे. खाली येऊन बसले तेव्हा नारळ त्यांनी दोन्ही हातांनी गच्च धरला होता.

आणि मग मिलिंद उभा राहिला. भाषण त्यानं मनापासून केलं, खोटं कशाला बोलू? मातृभाषेवरचं प्रेम, प्रतिष्ठितांची भाषा नाकारण्याचं धाडस, सगळं आलं. शेवटी म्हणाला, या थोर लेखकाची सगळ्यात गाजलेली विनोदी कथा मी इंटरनेटवर शोधली, तिचा एक प्रसंग तुम्हांला करून दाखवतो. रीक्का नावाची मोलकरीण. फेरीवाल्याच्या नादाला लागून पोटुशी राहिलेली आणि ते लपवायला काय वाटेल त्या थापा मारणारी. मिलिंदनं उपरणं डोक्यावर पदरासारखं घेतलं, पोट पुढे काढलं, आणि रीक्काला दिली आमच्या साताऱ्याकडची बोली. "धनी, सलगम जरा जास्तीच खाल्लं बगा, त्यानं प्वाट फुगलंय."

कॅफेटेरिया हसून हसून लोळला. सगळे इंजिनियर, डॉक्टर, त्यांच्या बायका, डोळे पुसत होते. मीही हसले. मिलिंद करतोच तसं. ती बोली माझ्या आईची होती, त्यावरसुद्धा मी हसले.

काकांना मराठी कळत नव्हतं. पण नाव कळलं. त्यांनी माझ्या बाहीला हात लावला. "हे कशाला हसतायत?"

"एक गोष्ट आहे," मी म्हटलं. "विनोदी."

"रीक्काची?"

मी मान हलवली. माझं हसू अजून तोंडावर होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते हसू कुठे ठेवावं मला कळेना. तोवर सूत्रसंचालिकेनं त्यांना 'दोन शब्द' बोलायला बोलावलं होतं.

काका माइकपाशी गेले. शाल सारखी केली. इंग्लिशमध्ये म्हणाले, "शाल गरम आहे. थँक यू. ती मुलगी माझी पणजी होती. ती सतरा वर्षांची होती. फेरीवाला कुणी नव्हता. त्या लेखकाच्याच घरी ती कामाला होती. नंतर ती इकडे आली आणि खाणकामगारांसाठी पाव भाजायची. चांगला पाव होता. तुम्हांला आवडला असता." आणि उतरले.

आणि मग कुणाला सुचलं देव जाणे, टाळ्या सुरू झाल्या. भाषण संपलं की टाळ्या, एवढीच सवय हातांना. जोरात वाजल्या. जेवताना दोघंतिघं येऊन त्यांना "व्हेरी टचिंग, सर" म्हणून गेले. एका काकूंनी त्यांच्या पानात आणखी एक जिलबी वाढली. मिलिंद स्टेजच्या मागे खुर्च्या रचत राहिला, जेवायला आलाच नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

घरी येताना काका मागच्या सीटवर इराशेजारी बसले होते. गाडी नोव्हाय रोडला वळली. मग मागून आवाज आला, "या नारळाचं काय करायचं असतं?"

"फोडून खायचा," मी म्हटलं. मिलिंदनं आरशात बघायचंही टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते, तर मिलिंद काकांच्या ड्राइव्हवेवर. फावड्यानं बर्फ काढत होता. हातमोजे घालायला विसरलेला. दार उघडून काका म्हणाले, "मशीन आहे ना. हातानं कशाला?" मग मलाही हाक मारली, आणि आम्हां दोघांना स्वयंपाकघरात बसवून कॉफी दिली. मिलिंद 'सॉरी' एवढंच पुटपुटला. एरवी माइकशिवाय हॉल गाजवणारा माणूस, कपाकडे बघत बसला.

त्या दिवशी काका जेवढं बोलले, तेवढं आधी कधी बोलले नव्हते आणि नंतरही नाही.

ती गोष्ट लिहून झाल्यावर लेखकानं पहिल्यांदा आपल्याच दिवाणखान्यात पाहुण्यांना वाचून दाखवली होती. त्या वेळी कॉफीचा ट्रे घेऊन आत गेली ती रीक्काच. तिला वाचता येत नव्हतं. तिला स्वतःचं नाव ऐकू आलं, आणि हसणं ऐकू आलं. नाव बदलायची तसदीही त्यानं घेतली नव्हती. गोष्ट छापून आली, गावोगाव वाचली गेली. बाळ घेऊन ती बोटीत बसली, इथे उतरल्यावर नाव सांगितलं मेरी. मेल्यावर थडग्यावरसुद्धा मेरीच. तिच्या घरात ते पुस्तक कधी आलं नाही. "तिकडे अजून एखादी मुलगी थापा मारायला लागली, की म्हणतात, आली आमची रीक्का," काका म्हणाले.

मिलिंद कसाबसा म्हणाला, "मी ते वाचलं तेव्हा मला वाटलं, किती सुंदर लिहिलंय."

"लिहिलंय सुंदरच. तीच तर पंचाईत आहे. वाईट लिहिलं असतं तर लोक विसरले असते. तिला राहता आलं असतं."

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं, आमच्याकडे न बघता. तरुणपणी ते सैन्यात होते, जर्मनीत. सुट्टीत फिनलंडला गेले, मुद्दाम त्या गावात गेले. चौकात पुतळा पाहिला. नाक हुबेहूब यांचं. कॅफेतल्या लोकांच्याही लक्षात आलं. त्यांनी टेबलाभोवती घोळका केला, कॉफी पाजली, पुतळ्याशेजारी उभं करून फोटो काढला. "मला आवडलं," काका म्हणाले. "फार आवडलं. अजून लाज वाटते, इतकं आवडलं."

घरी येऊन त्यांनी तो फोटो आजीला दाखवला. आजी म्हणजे बोटीतून आलेलं ते बाळ. आता म्हातारी झालेली, पीठ मळत होती. तिनं हात न थांबवता फोटोकडे पाहिलं आणि विचारलं, "माझ्या आईला माहीत आहे का, तू तिथे उभा राहिलास ते?" तिची आई जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

"मला उत्तर देता आलं नाही," काका म्हणाले. "म्हणून मी तो प्रश्न बाकीच्यांना विचारत बसतो." त्यांनी आमच्या कपांत पुन्हा कॉफी ओतली. नको म्हणायची आमची हिंमत नव्हती.

त्यानंतर मिलिंदनं नकला सोडल्या असं मी म्हणणार नाही. पण स्टेजवर उभा राहिला नाही तो नाहीच. मंडळाचं पद सोडलं. लोकांनी विचारलं तर म्हणायचा, ऑफिसचं काम वाढलंय. माझी आई फोनवर बोलायला लागली, की तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा. एकदा मी चिडून विचारलं, "आता काय झालं?" तर म्हणाला, "आईंसारखंच बोललो होतो गं मी, त्या दिवशी स्टेजवर."

काकांनी मात्र येणंजाणं थांबवलं नाही. बर्फ काढणंही नाही. सत्काराची शाल त्यांनी काय केली असेल, याची मला धास्ती होती. एक दिवस मी पाव शिकायला गेले, तर भल्यामोठ्या वाडग्यातल्या पिठावर ती पांघरलेली. फुगायला ऊब लागते म्हणे. जरीच्या काठाला पीठ लागलेलं. माझा चेहरा पाहून म्हणाले, "चांगली आहे. याच्यासाठी अगदी बरोबर आहे." मेरीही असंच करायची म्हणे, फक्त तिच्याकडे कोट असायचा. पाव वळताना ती शीळ घालायची, आणि कच्च्या पिठाचा गोळा तोंडात टाकायची. हे सगळं त्यांनी त्या दिवशी सांगितलं. पुस्तकात यातलं काही नाही, हेही सांगितलं.

गुडघे गेले तशी मुलगी त्यांना उत्तरेला घेऊन जायला आली. निघायच्या सकाळीही त्यांनी पीठ मळलेलं. मुलगी वैतागली, "डॅड, कोण मळतं प्रवासाच्या दिवशी?" तर म्हणाले, रस्ता लांबचा आहे, पोहोचेपर्यंत फुगेल. मुलीच्या पिकअप ट्रकमध्ये पुढच्या सीटवर बसले, मांडीवर वाडगा, वाडग्यावर आमची शाल. मी धीर करून काच खाली घ्यायला लावली आणि विचारलं, "काका, तुमच्यावर लिहू का? मराठीत."

त्यांनी वाडग्यावरची शाल सारखी केली. "नावं बदल. आणि आधी मला वाचून दाखव."

लिहायला मला दोन वर्षं लागली. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉल लावला. मुलीनं आयपॅड समोर धरला होता. काका खूप वाळले होते. मी ओळ वाचायची, मग तिचं इंग्लिश सांगायची. वेलदोडे झाले, आई झाली, शाल झाली, पीठ झालं. ते डोळे मिटून ऐकत होते. संपलं तेव्हा मला वाटलं, झोपले.

"लोक हसले होते," ते म्हणाले. "ते कुठे गेलं?"

"मी नाही लिहिलं ते."

"घाल."

"काका, लाज वाटते हो."

"म्हणूनच घाल. तूही हसली होतीस."

मी हो म्हटलं. कॉल बंद करायला मुलगी पुढे झाली, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "आणि मिलिंदला माहीत आहे का, तू हे सांगतेयस ते?"

त्याला माहीत नव्हतं. तो शेजारच्या खोलीत इराला गणित शिकवत होता. राहिलेलं सगळं लिहून काढून मी लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला आणि दारात उभी राहिले. सलगमाच्या वाक्यापाशी तो फार वेळ थांबला. मी म्हटलं, "त्यांची नावं बदललीयत. तुझंही बदलते ना. कुणाला कळणार नाही."

"त्यानं रीक्काचं बदललं होतं?"

"नाही."

"मग माझं राहू दे," तो म्हणाला, आणि लॅपटॉप बंद करून माझ्याकडे दिला.

तर आर्वो हे काकांचं खरं नाव नाही. रीक्का हेही त्या मुलीचं नाही. मिलिंद मात्र मिलिंदच आहे.